गोपनीय अहवालातल्या ‘ब’ शेऱ्याविरुद्ध अभिवेदन (फेरविचारासाठीचा लेखी अर्ज) कसं लिहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ पोलीस हवालदार आहे. गेली तीन वर्षं ठाण्यातला मुद्देमाल सांभाळतो. म्हणजे खोलीभर जप्तीच्या मोटरसायकली, लाखेचं सील लावलेल्या बाटल्या, उंदरांनी कुरतडलेली लेबलं. आला तेव्हा रजिस्टर आणि माल यांचा मेळच नव्हता. यानं रात्री जागून एकेक नग जुळवला. निकाल लागलेल्या केसेसमधला माल कोर्टाची परवानगी घेऊन निकाली काढला.

आता गोपनीय अहवालाची, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल साहेबांनी लिहिलेल्या मूल्यमापनाची, प्रत हातात आली. प्रतवारी ‘ब’, शेरा ‘पुढाकार कमी’. आधीच्या दोन्ही वर्षी ‘अ’ होता. वर्षभरात ना मेमो, ना तोंडी समज. साहेबांची बदली झाली, जाता जाता सगळे अहवाल एका बैठकीत उरकले म्हणे. (आरोपी पकडला की फोटो येतो, मुद्देमाल जुळला की कोण बघतं!)

सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या देव दत्त निकालानुसार प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवायलाच हवी आणि तिच्याविरुद्ध अभिवेदन करता येतं, एवढं वाचलंय. पुढचं अडलंय:

अभिवेदन पुनर्विलोकन अधिकाऱ्यांच्या (साहेबांनी लिहिलेला अहवाल तपासणारे वरिष्ठ) नावे द्यायचं की थेट अधीक्षकांच्या? सोबत रजिस्टरचे उतारे जोडले तर उलट तेच अंगाशी येईल का? आश्वासित प्रगती योजनेला (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) एका ‘ब’मुळे कितपत फटका बसतो?

खात्यातल्या किंवा निवृत्त कुणी असा शेरा बदलून घेतला असेल तर मसुदा कसा होता ते कृपया सांगा. भाऊ म्हणतो, ‘ताई, सोड, नवे साहेब चिडतील.’ मला सोडवत नाही.