सहावीची इंग्रजी चाचणी: बोलणं-ऐकणं कसं तपासू?

माळावरचा_मास्तर: धडगाव तालुका, जि.प. शाळा, सहावी, पट ३८. निम्मी पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. आकारिकची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची, चाचणी मलाच काढायची आहे. धड्याखालची उत्तरं पोरं घडाघडा म्हणतात, पण ‘व्हॉट डिड यू ईट?’ विचारलं की गप्प. दोन तासिका आणि झेरॉक्सला २०० रुपये आहेत. काय करू?

खडूफळा: सर, ब्लूटूथ स्पीकर घ्याच. मी दीड हजारात घेतला, मागच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू जातं.

निवृत्त_गुरुजी: स्पेलिंग पक्कं करा आधी. २००० पासून पहिलीला इंग्रजी आलं, तरी सातवीतली पोरं ‘बिकॉज’ चुकवतात. आमच्या वेळी पाचवीला सुरू व्हायचं, पण पाया भक्कम.

सायली_केंद्रशाळा: गुरुजी, ऐकणं तपासताना स्पेलिंगचे गुण कापले तर ऐकणं तपासलंच कुठे? सर, एसटी स्थानकावरची घोषणा स्वतःच दोनदा वाचा. गाव, वेळ, फलाट. मुलांनी तक्त्यात फक्त खूण करायची. उतारा पुस्तकातला नको, नाहीतर पाठांतरच तपासलं जातं. सूचना मात्र मराठीत द्या.

निवृत्त_गुरुजी: मग स्पेलिंग तपासायचं कधी? बोर्डाच्या पेपरात?

सायली_केंद्रशाळा: लेखनाच्या प्रश्नात. तिथे खुशाल कापा.

दोन_शिक्षकी: चाचणीचं सोडा, गुण भरताना ॲप अडकतं त्याचं काय? रात्री जागून भरले, सकाळी रकाना रिकामा. डोकं उठतं.

नदीकाठ: बोलण्यासाठी जोड्या करा. एकाच आठवडी बाजाराचे दोन कागद करायचे. एकावर भाज्यांचे भाव, दुसऱ्यावर फळांचे. एकमेकांचा कागद न बघता विचारून रकाने भरायचे. १९ जोड्या, जोडीला ३ मिनिटं, म्हणजे दोन तासिकांत बसतं. ५ गुण असे द्या: समजलं २, समजावता आलं २, वाक्यरचना १. पुढच्या जोडीला भाव बदलून द्या, नाहीतर ऐकून पाठ करतात. आमच्याकडे एरवी न बोलणाऱ्या मुलीने ‘हाऊ मच ओनियन?’ विचारून सगळे रकाने भरले. वाक्यरचनेचा १ गेला, बाकी ४ पूर्ण दिले.

खडूफळा: स्पीकर असेल तर हेही सोपं जातं. चार्जिंग दिवसभर टिकतं.

माळावरचा_मास्तर: सगळ्यांचे आभार. स्पीकर नको. बाजाराचे कागद आवडले, पण ते सरावाला वापरतो. जोडीत बोलकं पोरगं दुसऱ्याला बोलूच देत नाही, मग गुण कुणाचे? म्हणून चाचणीला एकेकाला बोलावणार, परिपाठानंतर रोज चार-पाच जण, भले दोन आठवडे लागोत. एसटीची घोषणा घेतो. सायलीताई, सूचना मराठीतही देणार नाही. पावरी बोलणाऱ्यांना मराठीच परकी, मग चाचणी मराठीची होईल. फळ्यावर एक रकाना भरून दाखवतो आणि पहिला प्रश्न सगळ्यांकडून बिनगुणांचा सोडवून घेतो.

निवृत्त_गुरुजी: स्पेलिंगला निदान ५ गुण ठेवा.