घाऊक दुकानात नव्या मोटारसायकली विकता येतील का?

प्रश्न: इंदूरला देवास नाक्याजवळ आमचं घाऊक मालाचं दुकान आहे. तिथे नव्या गाड्या विकायला काय लागेल?

उत्तर १: भाऊ, आधी कंपनीची डीलरशिप, मग आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट (नोंदणी न झालेल्या गाड्या धंद्यासाठी ठेवायचा परवाना), अर्ज फॉर्म 16 वर. प्रत्येक गाडीसोबत विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म 21 आणि गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला म्हणजे फॉर्म 22 हवाच. नोंदणी होण्याआधी गाडी ग्राहकाच्या हाती देऊ नका, नियम 42 तसं स्पष्ट सांगतो. विमा थर्ड पार्टी, 5 वर्षांचा.

उत्तर २: कागद होतात हो, उभ्या गाडीकडे बघा! बॅटरी उतरते. व्होल्टेज 12.4 च्या खाली गेलं की लगेच चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट बसतं. डिलिव्हरीआधी चेनचा ताण तपासा. फार घट्ट चेन बेअरिंग खाते.