२०२५च्या भटकंतीतले १२ फोटो: तुम्ही कुठला ठेवला, कुठला सोडला?

सात रस्ता (धागा सुरू करताना; इथं नावाऐवजी प्रत्येकाचा सोलापुरातला भाग लिहिलाय)

डिसेंबर संपता संपता बायकोनं एक काम गळ्यात घातलं. हॉलमधल्या रिकाम्या भिंतीवर यंदाच्या फिरण्यातले १२ फोटो लावायचे, तू निवडून दे. मला वाटलं, चहा उकळेपर्यंत होऊन जाईल. फोन उघडला तर ६,४१२ फोटो. त्यातले शे-दोनशे बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या आणि पंक्चरवाल्याला दाखवायला काढलेला टायर. हे सगळं उडवूनही आठवडा गेला, आणि मी अजून ४० वर अडलोय.

एक गंमत लक्षात आली. पहिल्या फेरीत उचललेल्यांपैकी निम्म्याहून जास्त नोव्हेंबर-डिसेंबरचे होते. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे जणू मागचा जन्म. म्हणून दुसरी फेरी जानेवारीपासून सुरू केली, तेव्हा कुठं हत्तरसंग कुडल सापडलं. भीमा-सीनेचा संगम, इथून गाडीनं तासाभराचा रस्ता. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख कोरलेला आहे. आम्ही पोचलो भर दुपारी. काढलेल्या १५ फोटोंत नुसता दगड, अक्षर म्हणून दिसेना. मग मुलीनं मोबाइलचा टॉर्च बाजूनं, दगडाला अगदी लागून धरला. खाचांत सावली भरली आणि ओळ उठून आली. माझा पहिला फोटो हाच. कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय. बायको म्हणते, अंगठा कापून घे. मी म्हणतो, अगं, अंगठ्यासाठीच तर ठेवलाय.

तर मंडळी, यंदाच्या प्रवासातला तुम्ही ठेवलेला एक आणि मन मारून सोडलेला एक फोटो सांगा. फोटो टाकू नका, शब्दांत सांगा. टाकला की सगळे 'छान' म्हणून पुढं जातात.

जुळे सोलापूर

आमचं नळदुर्ग. बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात, ते बघायला ऑगस्टात शाळेला सुट्टी पाहून गेलो. एकट्या धबधब्याचे माझे १४० फोटो आहेत. घरी येऊन बघते तर १४० वेळा तेच पांढरं पाणी, आणि प्रत्येकात लाल टी-शर्टातले कुणी अनोळखी काका.

ठेवला तो वेगळाच. धबधब्याकडं पाठ करून सासूबाई कट्ट्यावर बसल्यात, मांडीवर कडक भाकरीचा डबा, आणि वारा एवढा की शेंगाचटणी उडू नये म्हणून डब्यावर पदर धरलाय. तोंड दिसत नाही. त्यांना दाखवला तर म्हणाल्या, "माझा चेहराच नाही आला की गं यात." त्यांचा आवडता म्हणजे धबधब्यासमोर ताठ उभं राहून काढलेला, ओळखपत्रासारखा. तो त्यांनी बार्शीच्या मावशींना पाठवून दिला. मी माझा ठेवला. दोघींचं समाधान झालं.

लाल टी-शर्टवाले काका हे वाचत असतील तर सांगा, तुमचे १४० फोटो आहेत माझ्याकडं.

होटगी रोड

एवढी डोकेफोड कशाला करताय? फोन आपोआप वर्षाच्या आठवणी निवडून देतो की. गाणंपण लावतो.

सात रस्ता

दिलं होतं करून. माझ्या वर्षाच्या आठवणीत तिसऱ्या नंबरला टायर आहे. गाण्यासकट.

रेल्वे लाईन्स

मी निवृत्त माणूस, रिळाच्या काळातला. रीळ ३६चं. नशीब असेल तर ३७वा निघायचा. बोट दाबण्याआधी विचार व्हायचा, त्यामुळं निवडायचं काम कॅमेऱ्यातच अर्धं उरकलेलं असायचं. फोन आला तरी सवय सोडली नाही. रोज रात्री लॉजवर झोपण्यापूर्वी त्या दिवसाचे नको ते फोटो पुसायचे, हा माझा नियम. तरुण मंडळींना आवर्जून सांगायचो.

फेब्रुवारीत आम्ही दोघं बदामीला गेलो होतो. बस स्टँडवर जागेवरून काहीतरी बाचाबाची झाली आणि आमची ही एकदम कानडीत सुरू झाली. माहेर अक्कलकोटकडचं, लहानपणी बोलायची एवढं ऐकून होतो. पण लग्नाला ४१ वर्षं झाली, घरात कानडीचा एक शब्द कधी ऐकला नव्हता. कंडक्टर गप्प, मी गप्प. तेवढ्यात मी एक फोटो काढला. रात्री बघितला तर हात हललेला, हिचं तोंड उघडं, मागं कुणाची तरी पिशवी. नियमाप्रमाणं पुसला.

पुसलेल्यांच्या पेटीत फोटो महिनाभर असतात म्हणे, हे मला नातवानं मे महिन्यात सांगितलं.

ठेवलेले लेण्यांचे आहेत. चांगले आलेत. पण तसले पोस्टकार्डावर मिळतात. रात्री पुसायचा नियम आता बंद.

पूर्व भाग, अशोक चौकाजवळ

आमचं घरात तेलुगू, बाहेर मराठी. दरवर्षी तिरुपती. दर्शनाच्या रांगेत फोन नेता येत नाही, त्यामुळं ज्यासाठी गेलो त्याचा फोटो कधीच नसतो. यंदा घरातल्या पाचही पुरुषांनी केस दिले. परतीच्या बसमध्ये बहिणीनं मागच्या सीटवरून फोटो घेतला, पाच तुळतुळीत डोकी एका रांगेत. घरी आल्यावर अव्वाला दाखवला आणि विचारलं, यात नायना, म्हणजे वडील, कुठला? तिनं बोट ठेवलं ते माझ्या डोक्यावर.

सोडला तो देवळाबाहेरच्या फोटोवाल्याकडून पैसे देऊन काढलेला. सगळे नीट उभे आहेत त्यात. बघायला कुणी घेत नाही.

विजापूर रोड

माझा सोडलेला आधी सांगतो. सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा मी तुळजापूरहून आई-वडिलांना घेऊन येऊन दोनच दिवस झाले होते. पाणी बघायला गेलो, सगळेच गेले होते. संध्याकाळचं ऊन, तांबूस पाणी, त्यात उसाचे फक्त शेंडे वर. फोटो म्हणून सांगतो, यंदा माझ्याकडून निघालेला सगळ्यात देखणा तोच. मित्र म्हणाले, स्पर्धेला पाठव.

ऊस ज्याचा होता तो माणूस माझ्या शेजारी उभा होता. मी फोन वर धरला तसा तो बाजूला सरकला, मला नीट दिसावं म्हणून.

पुसलेला नाही. भिंतीवर लावणार नाही. ठेवलेला कुठला ते नंतर कधी.

नवी पेठ (फोटो छापून देणारा)

निवडीचं तुमचं तुम्ही बघा, छापायचं माझ्याकडनं ऐका. वर्ष संपलं की माझ्याकडं रडारड सुरू होते.

एक. व्हॉट्सॲपवरनं फिरून आलेला फोटो मोठा छापायला आणू नका. तिथं तो दाबला जातो, लांब बाजू बऱ्याचदा १,६०० पिक्सेलच्या आसपास उरते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ५ इंचाला तो झकास, १२ बाय ८ला चेहऱ्याचा चिखल. १२ बाय ८ला ३,६०० बाय २,४०० लागतात. ज्यानं काढला त्याच्याकडनं मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

दुसरं, आणि भांडणं यावरच होतात. फोनचा फोटो साधारण ४ ला ३ या मापाचा असतो आणि ६ बाय ४चा कागद ३ ला २चा. म्हणजे आडव्या फोटोतला उंचीचा नववा हिस्सा जाणारच. वरच्या ओळीतल्या उंच माणसाचं डोकं तरी जातं, नाहीतर खालच्या पोराचे पाय. डोकं कुणाचं कापायचं ते घरी ठरवून या ओ, दुकानात नको. मागच्या आठवड्यात दोन साडू माझ्या काउंटरवर हमरीतुमरीवर आलेले.

आणि फोनचा उजेड पूर्ण वाढवून फोटो बघता, मग कागदावर काळा वाटतो. उजेड निम्मा करून बघा, तसा छापून येईल. भिंत खिडकीसमोर असेल तर मॅट घ्या, चकचकीत कागदावर खिडकीच दिसते.

कुमठा नाका

मी पक्षीवाला. नान्नजला यंदा चार खेपा झाल्या, माळढोकानं दर्शन दिलं नाही. आता तो दिसणं म्हणजे लॉटरीच. एकेका सकाळी ६००-७०० फोटो होतात, कारण बटण दाबून धरतो. माझी चाळणी सोपी आहे: फोटो मोठा करून डोळा बघायचा. डोळा धारदार नसेल तर बाकी कितीही सुंदर असो, बाद. या चाळणीतून २,७०० मधले ३१ उरले. चंडोल, धाविक, एक खोकड.

पण ठेवलाय तो चाळणीत न बसणारा. धुक्यात काळवीट उडी मारतंय, चारही पाय हवेत, आणि सगळं धूसर. डोळा कुठाय ते मलाही सांगता येणार नाही. मित्र म्हणाला, "का बे, दुसऱ्याचा असता तर तूच फेकला असतास." फेकला असता.

जुळे सोलापूर

छपाईवाले दादा, माझा सासूबाईंचा फोटो ४ ला ३ आहे. नवव्या हिश्श्यात डबा जाईल का?

नवी पेठ

डबा खाली असेल तर वरचं आभाळ कापू, ताई. घेऊन या.

सात रस्ता

११ झाले. मॅट. अंगठा शाबूत. रेल्वे लाईन्सच्या काकांचं वाचून पुसलेल्यांची पेटी उघडली, तर तिथून एक परत आला: गोलघुमटात वरच्या सज्जात मेहुणा भिंतीशी तोंड लावून कुजबुजतोय आणि पलीकडच्या टोकाला बहीण कानावर हात ठेवून हसतेय. काय म्हणाला ते दोघंही सांगत नाहीत. तो ११वा.

बाराव्या जागेवर बायकोचं आणि माझं जमेना, म्हणून मी रिकामी चौकट टांगून टाकली. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वज निघाले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दिसली, की एक काढून तिथं लावतो म्हणालो. तर ती म्हणते, एक तर तो येत्या वर्षातला होणार, आणि दुसरं, घरापासून होम मैदानापर्यंत चालत जाण्याला भटकंती कोण म्हणतं?

यावर तुमचं मत पाहिजे. लवकर, चौकट वाकडी दिसतेय.