घरच्या साध्या वापरासाठी स्वस्तातला कॉम्प्युटर: सल्ला हवा आहे

मधुमालती
घरचा डेस्कटॉप अगदीच टेकीला आलाय. बटण दाबून आंघोळ उरकून आलं तरी पडद्यावर गोल फिरतच असतं. नवीन घ्यायचा विचार आहे, पण हात आखडता ठेवूनच.

वापर असा: ब्राउझर, बँकेची कामं, बिलं, मुलीचे ऑनलाइन वर्ग, आईचे व्हिडिओ कॉल, माझ्या एक्सेलच्या फायली (फार मोठ्या नाहीत) आणि फोनमधले फोटो उतरवून ठेवणं. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. दुकानात विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, आय५च्या खाली बघूच नका." लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? वापरलेला घेतला तर पस्तावायची वेळ येते का? रॅम किती लागते? कुणी नीट सांगेल का?

जुना_माउस
घेण्याआधी आहे त्याचं दुखणं काय ते बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव, मेमरी (म्हणजे रॅम) किती, मेमरीचे किती स्लॉट (खाचा) भरलेत आणि डिस्क एचडीडी (फिरत्या चकतीची) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी, वेगवान), सगळं दिसतं. मशीन अडकलेलं असतानाच बघा आणि इथे लिहा.

मधुमालती
बघितलं. इंटेल कोअर आय५-३४७०, मेमरी ४ जीबी, स्लॉट ४पैकी २ भरलेले. डिस्क एचडीडी, आणि ती १०० टक्क्यांवर चिकटून बसलीय. प्रोसेसर मात्र १२-१५ टक्क्यांवर निवांत.

म्हणजे आय५ तर माझ्याकडे आहेच की!

जुना_माउस
बघा, रोग सापडला. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि डिस्कच्या दारात रांग लागलीय. ४ जीबी मेमरी ब्राउझरच्या पाच-सहा टॅबमध्येच संपते. मग विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकायला लागतं, आणि फिरत्या चकतीची हार्ड डिस्क अशा बारीकसारीक उचल-ठेवीत फार मंद. तुमच्या कामात खरा फरक एसएसडी आणि रॅमने पडेल. आय५ की आय३ हा प्रश्न त्यानंतरचा.

हिशेबनीस
वरच्याला शंभर टक्के सहमत. पण त्या आय५ प्रकरणाचा एकदा निकाल लावू या, कारण जुना माल विकणाऱ्यांचा अर्धा धंदा त्याच्यावर चालतो.

इंटेलमध्ये आय३, आय५, आय७ ही त्या त्या पिढीतली पायरी. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. तुमचा ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ची. ८४०० किंवा ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. आठव्या पिढीपासून साध्या डेस्कटॉप आय३मध्येही चार कोअर (प्रोसेसरमधले काम वाटून घेणारे भाग) आले, म्हणजे २०१२च्या आय५इतकेच. बाराव्या पिढीचा आय३-१२१०० तर तुमच्या आय५ला सहज मागे टाकेल. त्यामुळे जाहिरातीत नुसतं 'आय७, १६ जीबी' लिहून पुढचा आकडा गाळला असेल तर तो मागून घ्या. सांगायला टाळाटाळ केली तर पुढे चला.

आकड्यामागचं अक्षरही बघा. डेस्कटॉपमध्ये 'एफ' असेल (उदा. १२४००एफ), तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं, तुम्हाला तो खर्च कशाला? 'टी' म्हणजे कमी विजेवर चालणारा, छोट्या डब्यात बसणारा. घरच्या कामाला उत्तम.

एएमडीचे रायझनही चांगले, पण लॅपटॉपच्या ७००० मालिकेत गोम आहे. तिथे तिसरा आकडा पाहायचा. ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू सख्खी भावंडं वाटतात, पण आतली रचना अनुक्रमे झेन २, झेन ३ आणि झेन ४ (आकडा मोठा तेवढी नवी). डब्यावर तिघांच्याही 'रायझन ५'च लिहिलेलं. नवीन म्हणून घेतलेला ७५२०यू आतून काही वर्षं जुना असतो. वाईट आहे असं नाही. नव्याचे पैसे देऊ नयेत, एवढंच.

गोंधळी
मग जुन्यातच एसएसडी आणि रॅम टाकून काम भागत नाही का? सगळ्यात स्वस्त तेच ना?

हिशेबनीस
वेगाचं काम भागेल. अडचण विंडोजची आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. ३४७० त्या यादीत नाही. आडवाटेने टाकता येतं, पण ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार करायचे त्याच्यावर मी तरी टाकणार नाही.

रातकिडा
विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स! इतका वेळ कुणी नावच कसं काढलं नाही?

८ जीबी रॅम, २५६ जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी आणि वर लिनक्स मिंट. हेच मशीन ब्राउझर, व्हिडिओ कॉल, फोटो सगळं आरामात ओढेल. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, डिस्कवरच्या कशालाही धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तिथेच तपासून घ्या. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच असतो, सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. रॅम मात्र डीडीआर३च घ्या, नव्या प्रकारची त्यात बसत नाही.

गोंधळी
रातकिडा, तुम्हाला घरबसल्या जमतं म्हणून. माझ्या वडिलांना मिंट लावून दिलं होतं. मशीन सुरेख चाललं, पण दर आठवड्याला फोन, "अरे, ते खालचं बटण कुठे गेलं?"

रातकिडा
हाहा, मान्य. घरात सांभाळणारं कुणी असेल तरच. आणि एक्सेलमध्ये मॅक्रो (फायलीतच लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) वापरत असाल तर लिबरऑफिसवर, म्हणजे लिनक्समधल्या एक्सेलच्या पर्यायावर, विसंबू नका. साध्या बेरजा-वजाबाक्या, फिल्टर, तक्ते बिनधास्त.

मधुमालती
मॅक्रो आहेत हो, ऑफिसातून आलेल्या फायलींत. आणि आईला नवीन काही शिकवायचं म्हणजे माझीच परीक्षा. म्हणजे विंडोज ११ चालेल असंच काहीतरी घ्यावं लागणार. वापरलेल्याबद्दल कुणी बोलेल का? एकदा हात पोळलेत, ओळखीतल्या एकाकडून घेतलेला लॅपटॉप चार महिन्यांत बंद पडला.

पेचकस
ओळखीतला एकच नग आणि ऑफिसांतून निघालेला लॉट यांत फरक आहे. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सगळी मशीनं एकदम बदलतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर हा त्यातला नेहमीचा माल. बांधणी भक्कम, सुटे भाग मिळतात, झाकण उघडायला बहुतेकांना एखादा स्क्रूही पुरतो. आठव्या पिढीच्या पुढचं, ८ किंवा १६ जीबीचं मशीन तुम्हाला बरीच वर्षं पुरेल.

पण समोर बसून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मी असं करतो:

मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) शिरायचं. तिथे पासवर्ड मागितला तर तिथूनच परत. जुन्या मालकाने लावलेला बायोस पासवर्ड नंतर काढणं ही डोकेदुखी असते, काही मॉडेलांत तर जवळपास अशक्य. बायोसमधली तारीख मागची कुठलीतरी दिसली तर घाबरायचं नाही, सीआर२०३२ची गोल बॅटरी संपलेली असते, ती बदलली की झालं. मग विंडोजमध्ये येऊन 'टीपीएम.एमएससी' चालवायचं, म्हणजे इंग्रजीत टाइप करून एंटर, आवृत्ती २.० दिसली पाहिजे. विंडोज सक्रिय आहे का तेही सेटिंगमध्ये बघायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. एसएसडीची तब्येत आणि ती किती तास चालली तेही ते दाखवतं. शेवटी एखादा मोठा व्हिडिओ लावून पंख्याकडे कान द्या. जरा घरघर करून शांत झाला तर ठीक. पंखा किंचाळतच राहिला तर आत धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) वाळलीय. दोन्ही दुरुस्त होतं, पण किंमत खाली आणायला चांगलं निमित्त.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये बरेचदा वाय-फाय नसतं, तिथे केबल असते. कॅमेरा नाही, माइक नाही. आईचे व्हिडिओ कॉल म्हणजे वेबकॅम आणि बहुधा यूएसबी वाय-फाय घ्यावंच लागेल; ते हिशेबात आधीच धरा. मध्यम आकाराच्या डब्यांत पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला कुठलाही बसत नाही. पुस्तकाएवढे जे छोटे डबे मिळतात त्यांत लॅपटॉपची रॅम बसते आणि त्यांचा अडॅप्टर बाहेरचा असतो. तो मूळचाच आहे ना बघा.

सावळी
मला उलटं वाटतं. नवीन मिनी पीसी का नको? इंटेल एन१०० वाले मिळतात. २०२३चा प्रोसेसर, चार कोअर, कागदावर फक्त ६ वॉट. तुमचा ३४७० कागदावर ७७ वॉटचा. वेगात एन१०० त्याच्या बरोबरीचा, थोडा पुढेच. वॉरंटी नवीन, आवाज नाही, आणि दिवसभर चालू ठेवला तरी विजेच्या बिलाकडे बघावं लागत नाही.

हिशेबनीस
सावळी, घरात एकच माणूस वापरणार असेल तर मीही तेच सांगेन. मुलीचा वर्ग, वीस टॅब आणि एक्सेल एकदम उघडं असेल तर आठव्या पिढीचा सहा कोअरचा आय५ जास्त मोकळा वाटतो. एन१००ला मेमरीचा एकच चॅनेल (ये-जा करायची वाट) असतो आणि बहुतेक डब्यांत रॅमचा स्लॉटही एकच, तेव्हा सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. आणि एसएसडीच्या जागी 'ईएमएमसी ६४ जीबी' (बोर्डावरच चिकटवलेली छोटी साठवण) असं दिसलं तर लांबूनच नमस्कार. विंडोजच्या दोन मोठ्या अपडेटमध्ये ती भरते.

मधुमालती
आणि लॅपटॉप?

सावळी
मशीन घरातल्या घरात तरी हलणार आहे का? नसेल तर नको. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त देतो, आणि मोठ्या पडद्यासमोर मुलीची मान खाली वाकत नाही. हलणार असेल तर लॅपटॉप. कॅमेरा, माइक आणि बॅटरी त्यातच आलं. फक्त रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे का ते आधी विचारा, नंतर ती वाढवता येत नाही.

मधुमालती
हलणार नाही, टेबल ठरलेलं आहे. मॉनिटर मात्र जुनाच, मागे निळा व्हीजीए पोर्ट.

पेचकस
छोट्या डब्यांना बहुतेक डिस्प्लेपोर्ट असतो. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएचा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर मिळतो, चालून जातो. पण पैसे उरले तर ते मॉनिटरवर घाला: २४ इंच, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनेल. रोज बघायचं ते त्याच्याकडेच.

मधुमालती
सगळ्यांचे आभार. आज तीन ठिकाणी प्रोसेसरचा पूर्ण आकडा विचारला. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "मॅडम, आय७ म्हणजे आय७च." तिथून निघाले. दुसऱ्या ठिकाणी आय५-८५००टी, १६ जीबी, २५६ जीबी एसएसडी, पुस्तकाएवढाच डबा. पेचकस यांची तपासणी तिथेच उभं राहून केली. बायोस उघडं, टीपीएम २.०, पंखा शांत. विकणारा म्हणाला, "कुठे शिकलात हे?" घेतला. वाय-फाय नव्हतंच, ते वेगळं घेतलं.

शेवटचा प्रश्न. जुन्या मशीनमधल्या हार्ड डिस्कवर सगळे फोटो आहेत. ती बाहेर काढून जोडता येईल का?

जुना_माउस
येईल. डेस्कटॉपची ३.५ इंची असणार, तिला स्वतःचा अडॅप्टर असलेलं केसिंग घ्या. लॅपटॉपच्या डिस्कचं केसिंग नुसत्या यूएसबीच्या विजेवर चालतं, ते हिला पुरत नाही. फोटो आधी नव्या एसएसडीवर उतरवा आणि ही जुनी डिस्क दुसरी प्रत म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको. जोडल्यावर विंडोजने 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर घाईत 'हो' दाबू नका, इथे येऊन लिहा.