लेखातल्या शब्दांवर जाहिरातीच्या लिंका: चालू ठेवाव्यात की बंद?

थालीपीठ
ॲडसेन्समध्ये (आपल्या साइटवर जाहिराती लावून त्यातला वाटा आपल्याला देणारी गूगलची सेवा) 2024 साली ‘ॲड इंटेंट्स’ नावाचा प्रकार आला. ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑटो ॲड्सच्या (म्हणजे गूगल स्वतःच जागा ठरवून लावतं त्या जाहिरातींच्या) सेटिंगमध्ये हा चालू केला की गूगल आपल्या लेखातलेच शब्द निवडतं आणि त्यांच्या लिंका करतं. वाचकाने क्लिक केलं की आपल्याच पानावर एक खिडकी उघडते. तिच्यात त्या शब्दाचे शोधनिकाल आणि सोबत जाहिराती.

माझी साइट मराठी पदार्थांची, पण इंग्रजीतून. वाचक बरेचसे अमेरिका-कॅनडातले आपलेच लोक, त्यांची तिथे वाढलेली मुलं. मी लेखात लिंक देते ती विचार करून. भाजणी कुठल्या दुकानातून मागवावी, बिडाचा तवा कसा घ्यावा, हे लोक माझ्या भरवशावर उघडतात. आता त्याच परिच्छेदात ‘बिडाचा तवा’ या शब्दांवर आणखी एक लिंक आली, तर ती माझी नाही हे वाचकाने कसं ओळखायचं? बॅनर कितीही ओंगळ असला तरी तो लेखाच्या बाहेर असतो. वाक्य माझं आहे. माझं मत: हा प्रकार बंद ठेवावा. तुम्ही काय करताय?

हिशेबनीस
मी चालू ठेवलाय आणि ठेवणार. जाहिरातीचा कुठलाही नवा प्रकार आला की पहिले दोन महिने हीच ओरड असते. 2016 पर्यंत ॲडसेन्सच्या तीनच जाहिराती एका पानावर लावता यायच्या. मर्यादा उठली तेव्हा लोक म्हणाले, आता पानं जाहिरातींनी भरतील. (भरली. पण ती भरली साइटवाल्यांनीच.) 2018 मध्ये ऑटो ॲड्स आल्या तेव्हा ‘जागा मशीन ठरवणार म्हणजे काय’ म्हणून रडारड झाली. आज ती म्हणणाऱ्यांतले निम्मे त्याच वापरतात.

बॅनरकडे वाचकाची नजर जातच नाही, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. ॲड इंटेंट्समध्ये निदान ज्याला रस आहे तोच क्लिक करतो. आणि ही जाहिरात लेखाच्या विषयावर ठरते, थर्ड-पार्टी कुकीवर, म्हणजे साइटोसाइटी वाचकाचा माग काढणाऱ्या फाइलवर नाही. पॉप-अपपेक्षा शंभरपट सभ्य प्रकार आहे हा.

जुनाट मोडेम
सभ्य कसला? जुनाच आहे, कपडे तेवढे बदललेत. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर 6 मध्ये ‘स्मार्ट टॅग्ज’ आणायचं ठरवलं होतं: दुसऱ्याच्या पानावरच्या शब्दांना ब्राउझरच आपल्या लिंका जोडणार. इतका गदारोळ झाला की विंडोज एक्सपी बाजारात यायच्या आधीच ते मागे घेतलं. 2005 मध्ये गूगलच्याच टूलबारमध्ये ‘ऑटोलिंक’ आलं. पानावर पुस्तकाचा आयएसबीएन असला की ॲमेझॉनची लिंक, पत्ता असला की नकाशाची. तेव्हाही लेखक मंडळी खवळली होती.

त्याच सुमाराला व्हायब्रंट मीडिया, कॉन्टेरा या कंपन्यांच्या दुहेरी अधोरेखित शब्दांच्या जाहिराती होत्या. शब्दावर माउस नेला की फुगा उघडायचा. मीही एका कंपनीचा तसला कोड लावला होता (नाव नको). वडिलांच्या आजारपणावर लिहिलेल्या लेखात ‘रुग्णालय’ या शब्दाखाली विम्याची जाहिरात आली. त्या दिवशी कोड काढला.

हिशेबनीस
स्मार्ट टॅग्ज आणि ऑटोलिंकमध्ये साइटवाल्याला एक दमडी मिळत नव्हती. लेखन आपलं, गिऱ्हाईक त्यांचं. लोक खवळले ते त्यासाठी. इथे सेटिंग आपल्या हातात आहे आणि वाटा आपल्यालाही मिळतो. दोन्ही एका पारड्यात कसे टाकता?

जुनाट मोडेम
वाटा मिळाला म्हणून वाचकाची फसगत कमी होते का? ‘बेटर ॲड्स’ची, म्हणजे वाचकांना नकोशा जाहिरातींची यादी काढून बघा, जिच्या आधारावर क्रोम 2018 पासून जाहिराती अडवतो. पॉप-अप, आवाजासह आपोआप चालणारा व्हिडिओ, मोबाइलवर मजकुराच्या तीस टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती, सगळं आहे. शब्दावरची लिंक नाही. कारण ती यादी लोकांना काय त्रासदायक वाटतं यावरून बनवली. या लिंकेने त्रास होत नाही, गैरसमज होतो. आणि आपण पैसे घेऊन लिंक दिली तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावा, असं 2019 पासून गूगलच सांगतं!

हिशेबनीस
ती खूण सर्च इंजिनसाठी असते हो, वाचकासाठी नाही. विषय भलतीकडे नेऊ नका.

एबीबिघडले
मी या धंद्यातच आहे, दुसऱ्या बाजूला. लिंक चांगली की वाईट हे क्षणभर बाजूला ठेवा. ‘ऑटो ऑप्टिमाइझ’ चालू आहे का ते आधी बघा. ते चालू असेल तर तुमच्या काही वाचकांना पान एका सेटिंगने दिसतं, बाकीच्यांना दुसऱ्या, आणि जिंकलेलं सेटिंग आपोआप लागू होतं. जिंकलं कशावरून? कमाईवरून. काही आठवड्यांच्या प्रयोगात कमाई वाढलेली दिसते. पण जो वाचक वैतागून गेला आणि चार महिन्यांनी दिवाळीच्या फराळासाठी थालीपीठताईंच्या साइटवर आलाच नाही, तो त्या आकड्यात कुठे दिसणार? प्रयोग करायला माझी ना नाही. फक्त स्वतः लावा आणि निकाल स्वतः वाचून ठरवा.

बाजारभाव
मंडळी, तुमच्या तत्त्वांना नमस्कार, पण ती डॉलरवाल्यांना परवडतात. माझी साइट मराठीत, कांदा-सोयाबीनचे रोजचे भाव. ॲडसेन्सने मराठीला अधिकृत भाषा म्हणून घेतलं तेच 2018 मध्ये, आणि दर अजून तळाला. 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. ऑफ सीझनला तेवढे जमायला किती महिने जातात ते मला विचारा. 2024 पासून क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे आहेत आणि जाहिरातदाराच्या बाजूच्या प्लॅटफॉर्मचं शुल्क वजा होऊन उरलेल्यातले 80 टक्के आपल्याला मिळतात. ऐकायला झकास, पण मुळात जाहिरातदारांची बोलीच कमी लागली तर 80 टक्के कशाचे?

माझा नियम साधा आहे. पानभर उघडणारी व्हिनेट जाहिरात बंद, कारण शेतकरी लिलावाच्या गडबडीत स्वस्तातल्या फोनवर भाव बघतो. बाकी जे चालेल ते चालू द्या. माझ्या पानावर वाक्यंच नाहीत, तक्ते आहेत. माझ्या कुठल्या शब्दांची अब्रू जाणार?

नुसताच वाचक
मी ॲडब्लॉकर लावून वाचतो. चालू द्या.

हिशेबनीस
@नुसताच वाचक, तुमच्यामुळेच आम्हाला हे उद्योग करावे लागतात.

थालीपीठ
@बाजारभाव, तक्त्यांचं पटलं. तिथे मीही चालू ठेवला असता. माझा आक्षेप जिथे लेखकाची शिफारस हाच माल आहे तिथे आहे. हिशेबनीस, तुमची साइट मोबाइलच्या परीक्षणांची ना? ‘हा फोन घेऊ नका’ या तुमच्या वाक्यात त्याच फोनच्या नावावर लिंक आली, तर आत दुकानांच्याच जाहिराती असणार. तेव्हाही चालेल?

हिशेबनीस
हा मुद्दा खरा. परीक्षणांवर नको. बातम्यांवर ठेवीन. सगळ्या परीक्षणांवर एकदम बंद करता येतं का, की एकेक पान?

एबीबिघडले
पेज एक्स्क्लुजनमध्ये (ऑटो ॲड्स नको असलेल्या पानांच्या यादीत) पूर्ण विभाग टाकता येतो, तुमची परीक्षणं एकाच फोल्डरखाली असतील तर. पण मग त्या विभागातल्या सगळ्याच ऑटो ॲड्स जातील, नुसत्या लिंका नाहीत. तिथे बॅनरचा कोड हाताने लावावा लागेल.