कच्छमधला रोलर: नीलपंख, चास, तास की नीलकंठ?

माळरानी
सप्टेंबरात कच्छला गेलो होतो, बन्नीचं गवताळ माळरान आणि नखत्राण्याकडचं फुलाय गाव. आता आमच्या पक्षीमंडळाच्या प्रदर्शनासाठी फोटोंखाली मराठी नावं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. युरोपियन रोलर या निळ्या पक्ष्याच्या फोटोखाली मी 'काश्मिरी नीलपंख' लिहिलं. एक ज्येष्ठ म्हणाले नीलपंख हा पुस्तकवाल्यांनी पाडलेला शब्द आहे, चास लिही. दुसरे म्हणाले नीलकंठ लिही, सगळ्यांना कळतं. शिवाय पक्षी कच्छात दिसला तर काश्मिरी कसा, हे लोक विचारणारच. काय ठेवू?

शब्दखोर
नीलकंठ अजिबात नको. आपल्याकडे जो देशी रोलर असतो त्याचा कंठ निळा नाहीच मुळी, जांभळट-तपकिरी आहे आणि त्यावर पांढरट रेघा. ते नाव हिंदीतून आलंय, उत्तरेत दसऱ्याला नीलकंठ दिसला की शुभ मानतात तिथून. चास अस्सल. संस्कृत चाष, अमरकोशात 'चाषः किकीदिविः' असं सरळ दिलंय, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या औषधीसूक्तात रोगाला सांगितलंय की चाषाबरोबर उडून जा. इतका जुना शब्द असताना नीलपंख कशाला?

नांगरट
आमच्याकडे म्हातारी माणसं 'तास' म्हणायची. नांगराच्या तासात, म्हणजे सरीत, किडे वर येतात, हा मागे मागे येऊन टिपतो, म्हणून तास. यात संस्कृत आणायची गरजच नाही.

शब्दखोर
व्युत्पत्ती गोड आहे पण घरगुती आहे. चाष, चास, तास असा सरळ प्रवास दिसतोय.

नांगरट
च चा त झालेला दुसरा एक शब्द दाखवा, मग मानतो. चमचाचा तमता झालेला मी तरी ऐकला नाही.

कच्छी_कढी
मी लग्नानंतर भुजलाच आहे. इकडे गुजरातीत चाषच म्हणतात, आणि युरोपियन तो काश्मीरी चाष. काश्मीर यासाठी की त्याची एक पोटजात काश्मीरकडे विणीला असते, जुन्या इंग्रजी पुस्तकांतही काश्मीर रोलरच छापलेलं असायचं. ऑगस्ट ते ऑक्टोबर आफ्रिकेला जाता जाता इथे थांबतात, तारांवर नुसती रांग लागलेली असते. त्यामुळे माळरानी, काश्मिरी राहू द्या, कोणी विचारलं तर हेच सांगा.

दुर्बीणवाला
नावाआधी फोटोत नक्की कोण आहे ते बघा ना राव! बसलेला असताना छाती तपकिरी असेल तर देशी, डोकं-छाती-पोट सगळं फिकट निळं आणि पाठ विटकरी असेल तर युरोपियन, इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण सप्टेंबरात युरोपियनची पिल्लं पण येतात आणि त्यांची छाती मळकट रेघांची असते, तिथे भलेभले फसतात. पंख उघडलेला फोटो आहे का? पिसांची टोकाकडची बाजू काळपट दिसली तर युरोपियन. गडद निळ्यात फिकट निळा पट्टा आणि शेपटीच्या टोकाला गडद निळी पट्टी, तर आपला देशी.

माळरानी
उडतानाचा आहे, काळपटच आहे. पण माझा प्रश्न नावाचा होता हो.

दुर्बीणवाला
मग रोलर लिहा. फील्डवर सगळे रोलरच म्हणतात, नीलपंख म्हटलं तर शेजारचा माणूस दुर्बीण खाली ठेवून बघत बसतो.

शब्दखोर
हेच करत आपण सगळे शब्द घालवणार. विणीच्या काळात हवेत कोलांट्या मारतो म्हणून इंग्रजांनी रोलर म्हटलं, मराठी माणसाला त्या शब्दातून काय दिसतं? रस्ता दाबायचं मशीन.

कच्छी_कढी
😂 आणि हेच इंग्रज इथे त्याला 'ब्लू जे' पण म्हणायचे, तो 'जे' जातीचा पक्षी नसूनही. त्यांचं काय ऐकायचं.

बोरंबा
विषय निघालाच आहे तर, नीलपंख पुस्तकी म्हणता मग त्या छोट्या हिरव्या पक्ष्याचं वेडा राघू हे नाव कोणाचं? आमच्याकडे पाणपोपट म्हणतात आणि मुलाच्या पुस्तकात वेडा राघू आहे, त्यावरून घरात वाद झाला. वेडा कशामुळे?

नांगरट
एकाच फांदीवरून झेप, माशी पकडायची, परत त्याच फांदीवर, दिवसभर तेच. याला वेडाच म्हणणार. पाण्याशी त्याचा काय संबंध?

कच्छी_कढी
इथे पावसाळ्यात निळ्या गालाचे वेडे राघू येतात, आपल्या साध्या वेड्या राघूहून चांगले मोठे, गळा तांबूस, डोळ्यावर काळी पट्टी, रेताड बांधात बिळं करून पिल्लं काढतात. आणि बसतात कुठे तर गांडो बावळवर. म्हणजे वेड्या बाभळीवर वेडा राघू 😄

शब्दखोर
थांबा, वेडी बाभूळ हे गांडो बावळचं भाषांतर आहे की मराठीत आधीपासून होतं? झाडच बाहेरचं, मेक्सिकोकडचं. बन्नीत 1960 च्या दशकात खारं रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने लावलं.

नांगरट
आमच्याकडे वेडीच म्हणतात आणि कुठलाही गुजराती माणूस ते सांगायला आला नव्हता. कुठेही उगवते, कितीही तोडा परत फुटते, लोकांना आपोआप सुचलं असणार.

शब्दखोर
दोन शेजारी भाषांना आपोआप एकच शब्द सुचला? तुमचा तास पण असाच आपोआप सुचला होता ना.

नांगरट
हो, सुचला होता. अजून तमता दाखवला नाहीत तुम्ही.