टेकडीवरची घाणेरी आणि गिरिपुष्प काढायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

माळावरची:
नमस्कार मंडळी. सासवडच्या बाजूला आमच्या गावाची पाच-सहा एकरांची टेकडी आहे, गायरानात मोडते. कामासाठी ग्रामपंचायतीचा ठराव झाला आहे. रविवारी वीसेक माणसं येतात, त्यात निम्मी कॉलेजची मुलं. वीतभर माती, खाली मुरूम. वरच्या सपाटीवर कुसळी आणि थोडा मारवेल ही गवतं टिकून आहेत. मधल्या पट्ट्यात वनीकरणातली गिरिपुष्पं (ग्लिरिसिडिया) दाट माजली आहेत आणि ओढ्याच्या काठाने घाणेरीची (लँटाना) जाळी. पाऊस तोंडावर आलाय, तर आधी कशाला हात घालावा? शिवाय एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पाचशे रोपं देते म्हणते: वड, पिंपळ, जांभूळ, कडुनिंब. घ्यावीत का?

रानपाखरू:
रोपांचं आधी सांगते: नको. वरची सपाटी हे माळरान आहे, ती काही 'रिकामी' जागा नव्हे. वीतभर मातीत वड जगवायचा म्हणजे दोन-दोन फुटांचे खड्डे खणून मुरूम वर आणायचा, टँकरने पाणी घालायचं, आणि त्या नादात असलेलं गवत तुडवायचं. टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना तिथे सावली नकोच असते. कंपनीकडून रोपांऐवजी हातमोजे, कुदळी आणि पाण्याचे जार मागा. फोटो तेवढा चांगला येणार नाही, पण उपयोग होईल.

आता घाणेरी. ती वरून कोयत्याने छाटली की बुडख्यातून दुप्पट जोमाने फुटते. म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी जी पद्धत रूढ केली, उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली, तीच करा. मुळाचा फुटणारा भाग जमिनीलगत असतो, त्याच्या खाली घाव बसला पाहिजे.

एका झुडपाला दोन माणसं लावा. आधी काठीने जाळी बडवायची. बुडाशी फुरसं किंवा घोणस असा विषारी साप असू शकतो. एकाने लांब दुबेळक्याने (टोकाला दोन फाटे असलेल्या काठीने) फांद्या एका बाजूला रेटून धरायच्या, दुसऱ्याने कुदळीने बुडाभोवतीची माती मोकळी करून जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचं. सगळं मूळ उपटत बसू नका, त्यात उताराची माती सुटते. तोडलेलं झुडूप मुळं वर करून दगडावर किंवा दुसऱ्या झुडपावर उलटं टाकायचं. ओल्या जमिनीवर आडवं पडलं तर फांद्यांना मुळं फुटतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की सुरू करा. माती मऊ असते, आणि पिकलेली फळं पाखरांनी पसरवायच्या आत काम उरकायला हवं. जाळीत बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढं झुडूप ठेवा.

एक गोष्ट हमखास विसरतात: घाणेरीच्या आडोशाला गुरांपासून वाचलेली बोर, हिवर, मेडशिंगी यांची रोपं असतात. काम सुरू करायच्या आधी एकाने आत वाकून ती शोधायची आणि रंगीत चिंध्या बांधायच्या. फुकटात मिळालेली, तिथल्याच मातीत रुजलेली रोपं आहेत ती. पाचशे वडांपेक्षा मोलाची.

पुढचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी आणि पाखरं बसतात त्या झाडांखाली फेरी मारावी लागेल. रोप टीचभर असताना दोन बोटांनी उपटतं, गुडघ्याएवढं झालं की पुन्हा कुदळ आली.

अंजन:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त क्रम थोडा बदलेन: आधी सपाटीच्या कडेला उगवलेली गिरिपुष्पाची रोपं काढा. जिथे गवत चांगलं आहे तिथलं तण आधी, सर्वांत बिघडलेला पट्टा शेवटी. बहुतेक गट उलटं करतात, दाट रानावर तुटून पडतात आणि तोवर चांगला तुकडाही हातचा जातो.

गिरिपुष्पाच्या शेंगा उन्हाळ्यात तडकतात आणि बी वीसेक मीटर लांब उडतं. पण त्या बियांना सुप्तावस्था नसते, बहुतेक बी पहिल्याच पावसात उगवतं. म्हणजे जुलैत ओल्या मातीतून रोपं मुळासकट ओढून काढली की त्या वर्षीचा हिशेब जवळपास मिटतो. वनीकरणात लावतात त्या सुबाभळीचं तसं नाही, तिचं टणक बी वर्षानुवर्षं मातीत दबून राहतं.

मोठ्या झाडांना घाई नको. गायरान ही सरकारी जमीन, उभं झाड तोडायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. तहसील आणि वनविभाग, दोन्हीकडे लेखी विचारा. परवानगी मिळाली तरी एका वर्षात पाव भागच विरळ करा. एकदम ऊन पडलं की त्या जागी रानमोडी, गाजरगवत आणि पिवळा कॉसमॉस ही तणं घुसतात. तोडलेल्या बुंध्याला धुमारे येणारच, ते महिन्या-दीड महिन्याने हाताने खुडत राहायचे. ही फेरी जमणार नसेल तर झाड तोडूच नका, एका खोडाची दहा खोडं होतील.

छाटलेल्या फांद्या कुंपणाला खांब म्हणून रोवू नका, त्या सरळ रुजतात. पाला शेतकऱ्यांना हिरवळीच्या खतासाठी द्या. तो जागेवर कुजला तर जमिनीत नत्र वाढतं. माळाच्या गवताला ते लागत नाही, तणाला लागतं.

माळावरची:
रानपाखरूताई, अंजनदादा, फार उपयोगी. रोपं नको म्हणून कळवते. दोन शंका: मुलं ओळखण्यात चुकतात, त्याला सोपी खूण काय? आणि बुंध्यांवर तणनाशक लावलं तर काम कमी होईल का?

अंजन:
तणनाशक नको. खाली ओढा आहे, पावसात ते वाहून जाणार आणि वीस हौशी हातांत ते देणं धोक्याचं.

ओळख: गिरिपुष्पाच्या एका पानाला साधारण सात ते सतरा पर्णिका (देठावरची छोटी पानं) असतात, पान उलटं केलं की फिकट पाठीवर जांभळट डाग दिसतात. करंजाला पाच-सातच पर्णिका आणि चकचकीत. सुबाभळीचं रोप मात्र हिवर-खैराच्या रोपासारखं दिसतं. खोडावरून हलकेच बोट फिरवायला सांगा. काटा लागला तर सुबाभूळ नाही, हात काढायचा आणि जाणत्याला बोलवायचं. सकाळी कामाआधी प्रत्येकाच्या हातात एकेक खरी फांदी द्या, मोबाइलवरचे फोटो कामाचे नाहीत. गाजरगवत असेल तर ते फुलायच्या आत आणि हातमोजे घालूनच. त्वचेची किंवा दम्याची तक्रार असलेल्यांना त्या कामाला लावू नका.

चकवा:
काढायचं सगळ्यांनी सांगितलं, मोकळ्या झालेल्या जागेत काय? ती तशीच सोडली तर पुन्हा तणच येईल.

कुसळीचं बी तुमच्याच सपाटीवरून दिवाळीच्या आसपास गोळा करा, बाहेरून आणू नका. एका जागचं सगळं ओरबाडू नका, निम्म्याहून जास्त उभं राहू द्या. कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने मुरावं लागतं, त्यामुळे पेरणी पुढच्या जूनमध्ये. एकरी दोन-अडीच किलो बी तिप्पट चाळलेल्या कोरड्या मातीत कालवून फेकायचं आणि वरून काटेरी फांदी ओढायची. बोटभरही खोल गाडू नका. बियांची टोकदार कुसळं कापत बसू नका, ओल लागली की ती पिळतात आणि बी स्वतःच जमिनीत रुतवतात.

मारवेलचे ठोंब लावता येतात. दोन-तीन फुटव्यांचा, मुळं असलेला ठोंब, दीड-दोन फुटांवर एक. एकराला सोळा हजारांच्या आसपास लागतात, म्हणून घाणेरी निघालेल्या पट्ट्यापुरतेच लावा. झाडं हवीच असतील तर ओढ्याकाठी हिवराचं बी टोका. आधी ते पाण्यात टाकून बघा: तरंगणारं फेकून द्या, ते बहुधा किडीने पोखरलेलं असतं. उरलेलं, आचेवरून उतरवलेल्या उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा.

कायमची चराईबंदी घालू नका. गावाशी वाकडं येतं आणि गवत वर्षानुवर्षं न कापता साठलं की वणव्याला आयतं जळण. जून ते बी गळेपर्यंत बंद, मग विळ्याने कापून न्यायला आणि गुरांना मोकळं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर गवत डिसेंबरआधी कापून उचला, तीच तुमची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा. ती जाळून करायच्या फंदात पडू नका. वनखात्याचे लोक जाळतात ते वारा बघून, माणसं उभी करून.